गोळीआधीचा फोटो

सकाळी वॉर्ड, दुपारी मेंदूची प्रयोगशाळा, संध्याकाळी विद्यार्थ्यांचा वर्ग. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. मनोविकारांच्या या डॉक्टरीणबाई तीन दगडांवर उभ्या होत्या, आणि वर त्याचा तोराही होता. पेशंट, संशोधन आणि शिकवणं हे सगळं एकच असतं, असं त्या ऐटीत सांगायच्या. एक असतं कसलं, डोंबल!

त्यांच्याकडे एक शिंपी आला होता, थोरल्या बहिणीने हाताला धरून आणलेला. कपड्यांच्या शिवणीतून माणसं बोलतात, म्हणत होता. झोप उडालेली, गिऱ्हाइकांचे कपडे उसवून टाकलेले. आजार बाईंनी पहिल्या भेटीतच ओळखला. गोळी त्याच दिवशी सुरू करायची, हे त्यांचा कुठलाही विद्यार्थी झोपेत सांगेल. पण बाईंच्या संशोधनाला हवा होता औषधाचा कणही न गेलेला मेंदू, आणि असा पेशंट काही रोज दारात येत नाही. त्यात मेंदूचा फोटो काढायचं यंत्र नेमकं बंद. दुरुस्तीवाला आठवड्याने येणार. फोटोला बहीणभावांनी होकार दिला, सह्याही केल्या. त्यापायी औषध अडलंय, एवढं मात्र बाईंनी सांगितलं नाही. घाई नको, आधी नीट तपासू, असं म्हणून त्यांनी दोघांना घरी धाडलं.

आठवडा सरायच्या आत शिंप्याने तापलेली इस्त्री आपल्याच उजव्या तळव्यावर दाबून धरली. आवाजांनी तसं सांगितलं म्हणून. ऐकून बाईंच्या काळजाचं पाणी झालं. तरीसुद्धा, बरं का, हाताला पट्टी बांधल्यावर आधी यंत्र दुरुस्त होऊन फोटो निघाला आणि मगच गोळी मिळाली. याची लाज बाईंना त्या दिवसापासून वाटत होती, पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यात फार अंतर असतं. आवाज थांबले, शिंपी सावरला. बोटं मात्र आखडली ती आखडलीच. कात्री धरवेना.

आणि बहीण? ती भेटेल त्याच्यापाशी बाईंचे गोडवे गात सुटली. शेवटी विद्यार्थ्यांनीच तिला वर्गात बोलावलं, घरच्यांची बाजू ऐकायला.

“तुमच्या मॅडमसारखे व्हा,” ती मुलांना म्हणाली. “दुसरे डॉक्टर आल्या आल्या गोळ्या कोंबतात. यांनी घाई केली नाही.”

मुलं वह्यांत उतरवून घेऊ लागली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसल्या असत्या तर कुणाला काय कळणार होतं? पण ही पोरं उद्या हेच करणार आणि वर त्याला सावधपणा म्हणणार. बाई उठल्या.

“गोळी पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती,” त्या बहिणीकडे बघून म्हणाल्या. “मला गोळीआधीचा फोटो हवा होता, म्हणून मी थांबवली. तुमच्या भावाचा हात माझ्यामुळे गेला.”

आता ही आपल्याला फाडून खाईल, असं बाईंना वाटलं. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. बहीण नुसती पिशवीचा बंद पिळत बसली.

“आठवडाभर तो औषध मागत होता हो,” ती हळू आवाजात म्हणाली. “मीच दटावलं त्याला. म्हटलं, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?”