तीन वाजेपर्यंतचा भात

“झाकण ठेवू नकोस, पोरी,” ग्लिनिस म्हणाली. “भात ट्रेमध्ये पसर. ट्रे सिंकमध्ये गार पाण्यात ठेव. अर्ध्या तासात निवेल.”

वर्ग घेणाऱ्या इमोजेनने झाकण ठेवलं. वर दोन टॉवेल गुंडाळले आणि कोंबडी घातलेल्या भाताचं ते भलंमोठं पातेलं तिने नि क्लिफने दोन्ही कानांना धरून हॉल तापवणाऱ्या रेडिएटरला टेकलेल्या टेबलावर नेऊन ठेवलं. सकाळचे अकरा वाजले होते. नगरसेवक आणि फोटोवाला दोन वाजता यायचे होते. फोटोत भातातून वाफ निघताना दिसली पाहिजे, असं इमोजेनचं म्हणणं होतं.

“ग्लिनिस, तुमचा अनुभव फार मोलाचा आहे,” ती म्हणाली. पोरगी सव्वीस वर्षांची, गालाला खळी, हातात नवीकोरी सुरी. “पण आज आपण सगळे मिळून काम करतोय ना? फोटो झाले की लगेच डबे भरू.”

सव्वीस. इमोजेन जेवढी वर्षं जगली होती तेवढी वर्षं ग्लिनिस टॅपसेलने इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या एका शाळेत रोज चारशे पोरांचं जेवण रांधलं होतं. आता ती एकोणसाठ वर्षांची होती, बेकार होती, आणि रोजगार कचेरीने तिला ‘एकदा रांधा, आठवडाभर खा’ या वर्गाला धाडलं होतं. कमी पैशांत स्वयंपाक कसा करावा, हे शिकायला. शाळेच्या बिनपगारी सुट्टीत हाडं उकळून त्याच्यावर चार-चार दिवस काढणाऱ्या बाईला कांदा कसा धरायचा ते शिकायला. नाही म्हणायची सोय नव्हती. सहा मंगळवार, सहा सह्या. एक सही चुकली की भत्ता बंद. तिच्या भत्त्यावर ती आणि पाठीचा कणा गेलेला तिचा नवरा बॅरी, दोघं जगत होते.

बॅरी दर मंगळवारी तिला दारातून निरोप द्यायचा. “जपून जा. पळीची कोणती बाजू वर धरायची, ते नीट विचारून ये.”

पाच सह्या झाल्या होत्या. पण कागदावर सहीशेजारी ‘वर्तन’ नावाचा एक रकाना होता आणि त्यात तिसऱ्या मंगळवारीच एक लाल खूण पडली होती. इमोजेनने त्या दिवशी पाइनच्या बियांची चटणी शिकवली होती. ग्लिनिस मोठ्यांदा म्हणाली होती, की या बिया घ्यायच्या तर आधी घर विकावं लागेल, आणि घर तर भाड्याचं आहे. सगळा वर्ग हसला. लाल खूण. दुसरी पडली की सही नाही.

वर्गात बाराजण होते आणि ते सगळे तिच्यासारखेच धाडलेले. क्लिफ म्हातारा, तरुणपणी बोटीवर आणि मग जन्मभर मासळी-धक्क्यावर खोकी उचललेला. जोडी, सत्तावीस वर्षांची, तीन पोरांची आई. नगरपालिकेने तिला तात्पुरतं म्हणून एका खोलीत ठेवलं होतं. त्या तात्पुरत्याला चौदा महिने झाले होते. खोलीत एक किटली, एक मायक्रोवेव्ह आणि गुडघ्याएवढा फ्रिज. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, माझ्याकडे ओव्हन नाही, मी काय करू? इमोजेनने थोडा विचार करून सांगितलं होतं की एअर फ्रायर घ्या, त्याला वीज कमी लागते. त्यानंतर जोडीने काही विचारलं नाही. ती वही उघडायची आणि तिच्यात फुलं काढायची.

जोडी लहानपणी ग्लिनिसच्याच हातचं जेवलेली. दुसऱ्यांदा कस्टर्ड मागायला येणाऱ्यांत ती पहिली असायची. अजूनही ग्लिनिसला ती ‘बाई’च म्हणायची.

आज शेवटचा मंगळवार. आज पहिल्यांदाच रांधलेलं घरी न्यायचं होतं, माणशी चार डबे. शाळांना आठवड्याची सुट्टी लागलेली, म्हणजे पोरांचं दुपारचं फुकट जेवण बंद. जोडीने ते चार डबे सकाळी आल्या आल्याच मनात वाटून टाकले होते. उद्या एक, परवा एक, असे शनिवारपर्यंत.

साडेबारा वाजता ग्लिनिसने टॉवेलखाली हात घातला. पातेलं चांगलं गरम होतं. गरम असतं तोवर ठीक, गार झालं की ठीक. मधलं जे कोमट असतं तिथेच सगळी घाण वाढते. शाळेत घड्याळ लावून ती भात थंड करायची. सव्वीस वर्षांत तिच्या हातचं खाऊन एक पोर आजारी पडलं नव्हतं आणि त्याबद्दल तिला कुणी फूलसुद्धा दिलं नव्हतं, कारण जे घडतच नाही ते कुणाला दिसत नाही.

ती पुन्हा इमोजेनकडे गेली. या वेळी हळू आवाजात, गोडीने. इमोजेनने तिला कोटांच्या खुंट्यांपाशी नेलं आणि त्याहून हळू, त्याहून गोड आवाजात सांगितलं की हे आता दुसऱ्यांदा होतंय, आणि शेवटच्या दिवशी कागदावर काही वाईट लिहायला तिला स्वतःलाच फार जड जाईल.

“तसं करायला लावू नका ना मला,” इमोजेन म्हणाली.

ग्लिनिस खुर्चीवर जाऊन बसली. बस गप्प, तिने स्वतःला बजावलं. तुझं स्वयंपाकघर नाही, तुझं पातेलं नाही. एक सही. घरी जा.

दोन वाजता फोन आला. नगरसेवकांना उशीर होतोय, तीन वाजता येतील. इमोजेनने पातेल्यावर तिसरा टॉवेल टाकला.

ग्लिनिस जोडीशेजारी जाऊन बसली आणि खाली मान घालून म्हणाली, तो भात नेऊ नकोस.

“का?”

“तीन तास होऊन गेले. अजून तास जाईल. मग डब्यात घालून झाकण लावाल. शनिवारपर्यंत तो पोरांच्या पोटात विष होऊन जाईल.”

“मायक्रोवेव्हमध्ये चांगला पाच मिनिटं गरम करीन की. गरम केलं की मरतं सगळं.”

“हे मरत नाही. तेच तर सांगतेय. भातातलं हे विष उकळूनही जात नाही.”

जोडीने वहीतल्या फुलाला आणखी एक पाकळी काढली. “बाई, तुमचं बरोबर असेल. पण घरी पाव आहे आणि बीन्सचा एक डबा. धाकटी परवा ताटलीतला कागदी रुमाल चघळत होती. मी नेणार.”

क्लिफ मागून ऐकत होता. “म्हातारे, आम्ही बोटीवर आठ दिवसांचा रस्सा खायचो. मेलो का?”

“तू पंचवीस वर्षांचा होतास, क्लिफ. आणि तुझ्या पोटात अर्धी बाटली रम असायची.”

“तेही खरं,” क्लिफ म्हणाला, पण डबे तोही नेणारच होता. सगळेच नेणार होते. नेईल तो अडाणी आणि न नेईल तो उपाशी, अशी ही गत.

तीनला पाच कमी असताना नगरसेवक आले. लाल टाय, रुंद हात, प्रत्येकाशी हस्तांदोलन. फोटोवाल्याने टेबल खिडकीकडे ओढून घेतलं. इमोजेनने टॉवेल काढले, झाकण उचललं. वाफ नव्हती. फोटोवाला म्हणाला, असं मेलेलं दिसतंय. मग इमोजेनने क्लिफला किटली उकळून आणायला पाठवलं आणि ती वाफाळती किटली त्याला पातेल्यामागे खाली वाकून धरायला लावली. सत्तरीचा माणूस टेबलामागे गुडघ्यांवर, हातात किटली, आणि वर नगरसेवक पळी धरून हसताहेत. भातामागून झकास वाफ येत होती.

ग्लिनिस पुढे झाली आणि बोटाची मागची बाजू भाताला लावली. कोमट. तान्ह्या पोराच्या अंघोळीच्या पाण्यासारखा.

शाळेतली नोकरी तिची गेली ती एका साबणामुळे. शाळेचं स्वयंपाकघर कंपनीकडे गेलं आणि कंपनीचा नियम आला, की उरलेल्या चांगल्या अन्नावर भांडी घासायचा साबण ओतायचा, म्हणजे कुणी घरी नेणार नाही. ग्लिनिसने एक दिवसही ओतला नाही. उरलेली खिमा-बटाट्याची भाजी ती लोण्यासारख्या मार्गारिनच्या रिकाम्या डब्यांत भरून मागच्या दाराने पोरांच्या आयांना द्यायची. सापडली. काढून टाकली. धड अन्नावर साबण ओतणारा तो माणूसच नव्हे, असं ती तेव्हा मॅनेजरच्या तोंडावर बोलून आली होती.

सिंकवर हिरव्या साबणाची बाटली होती. ती तिने उचलली, झाकण काढलं आणि नगरसेवकांच्या पळीच्या बाजूने सगळी बाटली भातावर पिळली. गोल गोल, कडेपासून मधोमध. मग मोठा डाव घेऊन खालपासून वरपर्यंत ढवळलं. हॉलभर सफरचंदाचा वास सुटला.

 फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. टेबलामागून क्लिफ किटली घेऊन उठला, पातेल्यात बघितलं आणि म्हणाला, “चार डबे होते, म्हातारे. माझे चार.”

नगरसेवकांनी पळी अलगद टेबलावर ठेवली आणि त्यांना आठवलं की त्यांना साडेतीनला दुसरीकडे जायचंय.

जोडी कोट घालत होती. बटण लागत नव्हतं. ती ग्लिनिससमोर येऊन उभी राहिली.

“बाई, माझ्या पोरांचं जेवण तुम्ही धुऊन टाकलंत.”

 सांगण्यासारखं जे होतं ते ग्लिनिसचं दोन वाजताच सांगून झालं होतं. जोडी गेली. मग बाकीचे गेले, रिकाम्या पिशव्या घड्या घालून.

पातेलं ग्लिनिसनेच घासलं. साबण होताच. इमोजेन बाजूला बसून कागद भरत होती आणि रडत होती, आणि रडता रडता नीट, सुवाच्य अक्षरात लिहीत होती. सहाव्या सहीची ओळ तिने कोरी सोडली.

“निदान मला आधी सांगायचं तरी,” इमोजेन म्हणाली.

 ग्लिनिसने फडका पिळून दांडीवर वाळत टाकला.

घरी बॅरी खुर्चीतून म्हणाला, “प्रमाणपत्र कुठे लावायचं? मी खिळा शोधून ठेवलाय.”

तिने त्याला सगळं सांगितलं.  मग तो म्हणाला, “खाऊन कदाचित कुणाला काहीच झालं नसतं.”

“नसतंही झालं.”

“मग?”

“मग काय, बॅरी. मला कसं कळणार. मी काय ते खाऊ घालून बघायचं?”

तिचा स्वतःचा फ्रीझर भरलेला होता. रविवारी तिने वाळल्या वाटाण्यांचं आणि डुकराच्या हाडाचं दाट सूप केलं होतं, मार्गारिनचे अकरा डबे भरून, प्रत्येकावर कागदी चिकटपट्टी आणि पेनने तारीख. त्यातले चार तिने पिशवीत घातले. चारच, कारण जोडीच्या त्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात जास्त मावणार नव्हते. बॅरीने बघितलं आणि तोंड फिरवलं. हे चार डबे म्हणजे त्यांचे दोन दिवस.

जोडीने दार अर्धंच उघडलं. मागून टीव्हीचा आवाज येत होता आणि धाकटी आईच्या पायामागून बघत होती.

“आज एक खा,” ग्लिनिस म्हणाली. “बाकीचे लगेच बर्फात टाक. खाताना पूर्ण उकळी येऊ दे.”

जोडी पिशवीकडे बघत राहिली. तिला नाही म्हणायचं होतं, ते तिच्या जबड्यावर स्पष्ट दिसत होतं. मग तिने पिशवी घेतली. आभार मानले नाहीत, आत या म्हणाली नाही.

“डबे परत हवेत?”

“हवेत. धुऊन दे.”

दार लागलं.

शुक्रवारी कचेरीचं पत्र आलं. बॅरीने ते वाचून दाखवलं: असहकार, जाणूनबुजून नुकसान, चार आठवडे भत्ता बंद. ग्लिनिस सूपखालचा गॅस बंद करत होती. रात्रभर भिजवलेले शेवटचे वाटाणे, हाड रविवारचंच, दुसऱ्यांदा उकळलेलं, म्हणून सूप पातळ झालं होतं. दूध आत घ्यायला तिने मागचं दार उघडलं, तर पायरीवर मार्गारिनचे चार डबे एकात एक घालून ठेवले होते. कुणी दार वाजवलं नव्हतं. गल्लीत कुणी नव्हतं.

तिने ते उजेडात धरून बघितले. चिकटपट्ट्या काढलेल्या. पट्टी कुणीही काढतं, पण खालचा गोंद राहतो, काळा पडतो, आणि तो तेल लावून नखाने घासत बसल्याशिवाय जात नाही. चारही डब्यांवरचा गोंद गेला होता.

“आता काय करायचं आपण?” बॅरी आतून विचारत होता.

तिने सूप दोन ट्रेमध्ये ओतलं, ट्रे सिंकमध्ये ठेवले आणि गार पाणी सोडलं. नवीन पट्टीचे चार तुकडे फाडले, त्यांच्यावर तारीख घातली आणि ओट्याच्या कडेला ओळीने चिकटवून ठेवले. मग ट्रेखाली तळहात लावला. अजून कोमट होतं. तिने पाणी बदललं आणि तिथेच उभी राहिली.