यशाचं लुगडं

मार्गशीर्ष लागला होता आणि वलवणात घराघरांतून भात कांडण्याचे आवाज येत होते. सरुबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. तिची लेक नंदा, पहिलटकरीण, आत भिंतीला टेकून बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. एवढ्यात लोणावळ्याच्या दवाखान्यातली नसीम नर्स उन्हातून चालत आली. तिने पाणी मागितले, तांब्या उंच धरून वरूनच प्यायली आणि सरळ कामाचे बोलू लागली.

सरुबाई आसपासच्या चार गावांची सुईण. सासूच्या हाताखाली शिकलेली, आणि कधी कुणाचे बोलावणे फिरवले नाही अशी. पण गेल्या महिनाभरात तिच्या हातची दोन बाळंतपणे बिघडली होती. आधी भुशीच्या भिमाजीची सून, मग वलवणातल्याच कोंडाजीची बायको मुक्ता. दोघींना तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला आणि आठवड्याच्या आत दोघी गेल्या. गावाने कारणही शोधून ठेवले होते. मुक्ता पोटुशी असताना भर दुपारी धरणावर धुणे घेऊन गेली, तिला पाण्यातल्या आसरांनी धरले. मेलेल्या बाईच्या माथी दोष मारून गाव मोकळे झाले होते, आणि सरुबाईनेही त्याला मान डोलावली होती.

नसीम आसरांविषयी एक शब्द बोलली नाही. तिने एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. पाणी उकळले होते का? उकळले होते. नाळ कापायचे पाते? तेही उकळले. हात? साबण लावून कोपरापर्यंत धुतले. गेल्या साली नर्सबाईंनीच तर शिकवले होते. सरुबाईच्या आवाजाला आता धार चढली होती.

"आणि मावशी, धुतलेले हात पुसले कशाला?"

सरुबाईने खुंटीवरचे बोचके काढून तिच्यापुढे सोडले. आत हिरवे लुगडे होते, काळ्या डागांनी जागोजाग ताठ झालेले. ते तिच्या सासूने दिलेले. सुईणीने बाळंतपणाला जाताना ते नेसायचे आणि कधी धुवायचे नाही, कारण ते धुतले की हाताचे यश धुऊन जाते, अशी त्या घरची रीत.

"ह्यालाच पुसले," ती अभिमानाने म्हणाली. "चाळीस लेकरं झेलली ह्या पदरात."

नसीमने लुगड्याला हात लावला नाही. भुशीच्या सुनेला ताप चढल्यावर बघायला गेलात तेव्हा अंगावर हेच होते का, एवढेच तिने विचारले. हेच होते. आणि त्यानंतर मुक्ताकडे? तिथेही हेच.

"मावशी, दह्याचं भांडं नुसतं पुसून घेतलं आणि त्यात दूध ओतलं, तर सकाळी काय होतं?"

"इरजतंय की."

"भांड्यात काही दिसत होतं का?"

सरुबाईने सूप खाली ठेवले.

नसीमने आवाज न चढवता सगळे सांगितले: तापाचे न दिसणारे विष ह्या लुगड्यातून गेले, आणि ते अजून तुमच्या अंगा-हाताला असेल. लुगडे जाळून टाका. तीन आठवडे कुठल्याही बाळंतिणीला हात लावू नका, स्वतःच्या लेकीलाही नाही. कळा सुरू झाल्या की मला बोलवा.

ती गेल्यावर सरुबाई दिवसभर धुसफुसत होती. कालची पोर, आणि मला शिकवते. पण नंदाकडे नजर गेली की तिला मुक्ताचा तापाने फणफणलेला हात आठवे. संध्याकाळी तिने लुगडे चुलीत घातले. तिची थोरली जाऊ झुंबरबाई धावत आली, सासूचे यश जाळलेस म्हणून नाही नाही ते बोलली. सरुबाई ते पुरते जळेपर्यंत उठली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी नंदाला कळा लागल्या. सोपान, सरुबाईचा लेक, सायकलवरून लोणावळ्याला गेला आणि एकटाच परत आला. नर्सबाई खंडाळ्याला एका अडलेल्या बाईकडे गेल्या होत्या. निरोप ठेवला होता, येतील तेव्हा येतील.

सरुबाई अंगणात बसून राहिली. नुसत्या कण्हण्यावरून तिला आतले सगळे कळत होते. उन्हे डोक्यावर आली. शेजारच्या बाया जमल्या. झुंबरबाईने खोचक बोलायला सुरुवात केली: दुनियेच्या लेकी सोडवल्या, आणि सख्ख्या लेकीच्या वक्ताला ही पाव्हणीवानी अंगणात. आतून नंदाचा आवाज आला, "आये, ये की गं." सरुबाई उठली. दोन पावले गेली आणि ओसरीचा खांब दोन्ही हातांनी धरून तिथेच थांबली.

"सरू, पोरगी मरंल तुज्या हट्टापायी," झुंबरबाई म्हणाली.

"अक्का, त्या दोगी मेल्या त्या माज्या हातानं. ही तिसरी न्हाई करायची मला."

सरुबाईने खांबापासूनच जावेला सांगितले, तिची कंबर चोळ, पाणी पाज, पण हात आत घालायचा नाही. एरवी कुणाचे न ऐकणारी झुंबरबाई निमूट आत गेली.

दुपार कलताना टांगा आला. नसीमला बघून झुंबरबाई दारात आडवी झाली. मुसलमानाच्या बाईला बाळंतिणीच्या खोलीत घ्यायचे म्हणजे काय, असे तिचे म्हणणे. नंदाच आतून बोलली, "काकू, बाजूला व्हा. मला जगायचंय."

घटकाभराने बाळ रडले. मुलगी झाली.

पण सरुबाईची खरी परीक्षा पुढे होती. लेकीपासून लांब राहायचे म्हणून ती गोठ्यात निजू लागली. तिसऱ्या दिवशी नसीमने नंदाच्या तोंडातली ताप मोजायची काचेची नळी उजेडात धरली, तेव्हा सरुबाईने दाराबाहेर डोळे मिटून घेतले. ताप नव्हता. चौथ्या दिवशीही नव्हता. दहाव्या दिवशी नंदाने दोन भाकरी खाल्ल्या.

त्याच दिवशी सरुबाई कोंडाजीच्या घरी गेली. तो बैलांना पेंढा घालत होता. त्याची आई मुक्ताच्या पोराला कापसाच्या बोळ्याने शेळीचे दूध पाजत होती.

"कोंडाजी, मुक्ताला आसरांनी न्हाई नेलं. माज्या मळक्या लुगड्यानं नेलं. मला ठावं नव्हतं, पन नेलं."



"आज का सांगतीस, मावशी?"

"माजी लेक जगली म्हून. आता गप बसले तर आनि कुनाची तरी जाईल."

कोंडाजीने हातातली पेंढी खाली टाकली. "समदं गाव म्हनतंय, तिचीच चूक. धरनावर गेली म्हून मेली. माजी आई बी म्हनते. चावडीवर सांगशील हे?"

सरुबाई तेवढे ठरवून आली नव्हती. उद्यापासून कुणी आपल्याला दारात उभे करील की नाही, हे तिला माहीत नव्हते. तरी ती तिथूनच चावडीकडे निघाली. वलवणच्या चावडीवर बायका चढत नसत. म्हातारे तिथे ऊन खात बसले होते. सरुबाईने पदर खांद्यावरून घट्ट घेतला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.