कानातली शिट्टी

बटण दाबलं की अंगठ्याचं नख पांढरं पडतं, सोडलं की पुन्हा गुलाबी होतं. काचेपलीकडे बसलेल्या क्षितिजाच्या अंगठ्याकडे मी पाहत होते. मी हेडफोनमधून सूर सोडायचा, ऐकू आला की तिने बटण दाबायचं, एवढीच ही तपासणी. खालचे सूर तिने अगदी बारीक असतानाही पकडले. मी चार हजार हर्ट्झच्या बारीक, वरच्या सुराला आले आणि नख गुलाबीच राहिलं. मी आवाज वाढवला. पुन्हा वाढवला. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तेवढा आवाज झाला, तेव्हा कुठे ते पांढरं पडलं. दुसऱ्या कानाचंही तेच.

क्षितिजा माझ्या भावाची मुलगी. वय एकोणीस.

ती तपासणीसाठी आलीच नव्हती. वसईत माझं श्रवणतपासणीचं क्लिनिक आहे आणि तिला स्वतःच्या कानातल्या शिट्टीचा सूर मोजून हवा होता. "सतत वाजते गं आत्या. कुठला सूर आहे तेवढं सांग, म्हणजे कॉलेजात मिरवता येईल," असं म्हणत ती हसत हसतच आत आली होती.

मिरवण्याचं कारण होतं. वसईजवळच्या सांडोर गावी आमच्या केळीच्या वाडीच्या कुंपणापलीकडे फ्रेडरिक मास्तरांचं घर आहे. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे. नंतर गावी येऊन त्यांनी लग्नाच्या वरातीचा बँड काढला. क्षितिजा त्यांच्याकडे ट्रम्पेट शिकली, जॅझही त्यांच्याकडेच शिकली. त्यांच्या बँडचा नियम असा, की शिकाऊ माणसाने मोठ्या ड्रमच्या आणि झांजांच्या अगदी पुढे चालायचं, म्हणजे ताल पाठीतून आत शिरतो. ईस्टरनंतरच्या सगळ्या लग्नांना ती तशीच चालली, पाच वर्षं. मग एक दिवस शिकाऊ माणूस येऊन सांगतो की कानातली शिट्टी रात्रीही थांबत नाही. त्या दिवशी मास्तर म्हणतात, कान तयार झाला. केक कापतात आणि त्याला पहिल्या रांगेत घेतात. क्षितिजासाठी कापलेला केक मीही खाल्ला होता, पण तो कशासाठी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

मी तिला आलेख दाखवला. कानाच्या आत आवाज पकडणाऱ्या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच. केळीला बुंध्याशी पिलं येतात तसं इथे काही येत नाही. शिट्टी म्हणजे त्या पेशी गेल्याची खूण. जे गेलं ते परत येणार नाही आणि मोठ्या आवाजात वाजवत राहिली तर उरलेलंही जाईल, हे मी जेवढं सरळ सांगता येतं तेवढं सरळ सांगितलं.

तिने आलेख पाहिला. मग विचारलं, "म्हणजे मास्तरांना ऐकू येत नाही, ते वयामुळे नाही?"

"नुसतं वयामुळे नाही."

त्या उन्हाळ्यासाठी तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक अमेरिकेत, पाच आठवडे, शिष्यवृत्तीसह, मोठ्या बँडमध्ये ट्रम्पेटची खुर्ची. दुसरा गोव्यात, संगीतरचनेचा. तिथे एका खोलीत पियानोपाशी बसून दुसऱ्यांनी वाजवायचं ते लिहायला शिकवतात. गोव्याचा अर्ज तिने मैत्रिणीला सोबत म्हणून केला होता. अमेरिकेचं नाव माझा भाऊ जयवंत साऱ्या सांडोरला सांगून मोकळा झाला होता. "आमच्या वाडीतून आजवर केळीच बाहेर गेली, आता पोर जाते," हे त्याचं वाक्य बाजारात भाजीवाल्यांनाही पाठ होतं. दोन्हीकडे कळवायची मुदत एकच होती.

क्षितिजाने मला घरी सांगू नको म्हणून विनवलं. ती सज्ञान होती आणि माझी पेशंटही, म्हणून मी गप्प राहिले.

संगीतकारांसाठीचे कानातले बोळे मी तिला दिले. आठवड्याने ती ते परत घेऊन आली. ते घातले की ट्रम्पेट खोलीत न वाजता कवटीत वाजतो, म्हणाली. सवय होते, असं मी सांगितलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि फोनवर एक रेकॉर्डिंग लावलं. तिला दाखवायचं होतं ते वेगळंच होतं. जॅझमध्ये ताल मोठ्या ड्रमवर नसतो, स्टँडवर बसवलेल्या झांजेवर काठीने धरलेला असतो, आणि सगळे त्याच्यावर चालतात. ती बोटाने टेबलावर ताल देत होती. मधे ड्रम थांबला, नुसती झांज उरली, तिचा आवाज त्याच वरच्या सुरांतला. मला ती स्वच्छ ऐकू येत होती. तिचं बोट हळूहळू मागे पडत गेलं. ड्रम परत आला तेव्हा बोट चुकीच्या जागी होतं.

"लोक म्हणायचे मी जरा मागे वाजवते, छान वाटतं," ती म्हणाली. "मला वाटलं ती माझी शैली आहे."

 त्यानंतर मी फोन केला की ती विचार करतेय म्हणायची. जयवंतने मोठी बॅग आणली. तिने त्यात एकही कपडा ठेवला नाही.

मुदतीच्या आदल्या रविवारी त्याने मला जेवायला बोलावलं. मास्तरही चर्चमधल्या मिस्साहून थेट आले होते, इस्त्रीच्या शर्टात. जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. मास्तरांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं आपल्या ट्रम्पेटचं जुनं माउथपीस काढलं आणि क्षितिजाच्या हातावर ठेवलं. चांदीचा मुलामा ओठांपाशी झिजून खालचं पितळ दिसत होतं. जयवंतने विचारलं, मास्तर, तिकडचे गोरे हिच्यापुढे टिकतील ना? मास्तरांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं, समजल्यासारखं हसले आणि म्हणाले, "हिचा कान तयार आहे. मला काळजी नाही."

क्षितिजाने माउथपीस पुन्हा रुमालात गुंडाळलं. कडा नीट दुमडल्या. ते त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं आणि मान खाली घालून काहीतरी बोलली. मी शेजारी होते, म्हणून मला ऐकू आलं. जयवंत बॅगेच्या कुलपाबद्दल सांगत होता, त्याला नाही.

मास्तरांनी हात कानामागे धरला. "काय म्हणालीस, बाळा?"

तिने माझ्याकडे पाहिलं.  ती उठून त्यांच्या समोर गेली, वाकली आणि चेहरा त्यांना दिसेल असा धरला. मग वरातीत हाक मारावी तेवढ्या मोठ्याने म्हणाली. जयवंत बोलायचा थांबला.

"मास्तर, मी ट्रम्पेट सोडतेय. मी गोव्याला जाणार, लिहायला शिकायला."