दोन दिवसांची वायर

जुन्या कंट्रोल पॅनेलचे कप्पे बाहेर ओढले आणि मला ओकारी आली. तेवीस वर्षं याच पॅनेलला पाठ टेकून मी डबा खाल्ला होता. तळ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. तेलकट धुळीची साय, झुरळांची अंडी, आणि एका रिलेच्या मागे वाळून कागद झालेली पाल. तिचं शेपूट टर्मिनलला चिकटलेलं. या पेटीच्या भरवशावर आम्ही गॅस टर्बाइन चालवत होतो! मिनिटाला पाच हजार फेरे घेणारी, पोटात आग पेटलेली मशीन, आणि तिनं कधी पेटायचं, कधी थांबायचं हे ठरवणार कोण, तर ही पाल. पेटीतली सर्किटची कार्डं बनवणाऱ्यांनी कधीच बनवायची सोडली होती. एक जळालं की कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून दुसरं उचलून आणायचं, पुसायचं, बसवायचं आणि वर बघून हात जोडायचे. शेवटी हुकूम सुटला, पेटी बदला.

नव्या सिस्टिमबरोबर एक इंजिनिअर बाई आल्या. त्यांची पद्धत अशी, की जुन्या ड्रॉइंगमधली प्रत्येक रेघ नव्यात उतरवायची, पण त्याआधी ती रेघ का आहे हे विचारायचं. दोन दिवसांत त्यांचं नाव 'का-बाई' पडलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "चला, काकूबाई नाही म्हणालात, एवढं पुष्कळ."

तिसऱ्या दिवशी त्यांचं बोट एका पानावर थांबलं.

"हा मशीनच्या खोलीतला गॅस डिटेक्टर. गॅस गळला की यानं मशीन बंद करायची. बरोबर?"

"बरोबर."

"मग याची दोन टोकं वायरनं एकमेकांना का बांधलीत? असं केल्यावर आत गॅसचा पूर आला तरी मशीनला सगळं आलबेलच वाटणार."

साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, चहाचा कप घेऊन मागे उभे होते. "बनवणाऱ्यांनी काही विचार करूनच काढलं असेल ना? जसंच्या तसं उतरवा. शुक्रवारी मशीन सुरू करायचीय. पाहुणे यायचेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "इथे सगळ्यांत जुने तुम्ही. ही वायर पहिल्यापासून आहे?"

आणि मी काय म्हणालो? "हो. पहिल्यापासून."

ती वायर माझी होती. अकरा वर्षांपूर्वी तो डिटेक्टर आठवड्यातून तीनदा मशीन बंद पाडायचा. आम्ही त्याला 'थापाड्या' म्हणायचो. तेव्हाचे साहेब एका सकाळी म्हणाले, नवा मागवतो, दोन दिवस याचं तोंड बांध. मी बोटभर निळी वायर लावली, आणि पुढच्या माणसाला कळावं म्हणून ड्रॉइंगवर पेनानं रेघ मारून ठेवली. तेवढाच आपला प्रामाणिकपणा. नवा डिटेक्टर काही आला नाही. पुढे ड्रॉइंगं फाटली, नवी छापायला गेली, आणि छापणाऱ्यानं माझी वाकडी रेघ बाकीच्या रेघांसारखी सरळ, काळी, देखणी करून टाकली. माझं पाप छापील झालं. आता ते नव्या पेटीत पुन्हा जन्म घेणार होतं.

संध्याकाळी ताईकडे गेलो. तिचा नवरा, म्हणजे माझे भावोजी, आमच्याच कारखान्यात फिटर. मशीन सुरू झाली की तिच्या बंद खोलीत शिरून पाइपांना हात लावून, कान लावून बघायचं, हे त्यांचं काम. दाराबाहेर बादलीत त्यांचे कामाचे कपडे भिजत होते, घरातल्या कपड्यांपासून चार हात लांब.

"नाक धरून ये," ताई म्हणाली. "तुझ्या भावोजींची अत्तरदाणी उघडलीय. सडका कांदा आणि नासकं अंडं. दोनदा धुते, तरी जात नाही मेला वास."

"मला तर काहीच येत नाही," भावोजी आतून ओरडले.

"तुम्हाला कसा येईल? तुम्ही त्यातच मुरलात!"

"कष्टाचा वास आहे तो. नशीब लागतं."

"मग मशीनशीच संसार मांडायचा होता. तिला आवडला असता."

ते हसले. रोजच हसतात, आणि मीही हसतो. त्या दिवशी मात्र मी बादलीवर वाकून वास घेतला. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावा म्हणून त्यात घाणेरडा वास मुद्दाम मिसळतात. मी हे पहिल्या वर्षी शिकलो होतो. अकरा वर्षं तो वास ताईच्या दारात येऊन हाका मारत होता, आणि आम्ही त्याच्यावर विनोद करत होतो. देवानं नाक दिलं ते काय फक्त चष्मा अडकवायला?

"शुक्रवारी आत तुम्हीच जाणार?" मी विचारलं.

"मग काय तुला पाठवू? तू पालीला घाबरतोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी का-बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. "ती वायर मी लावलेली आहे. काल खोटं बोललो."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "लिहून द्या," एवढंच म्हणाल्या. दिलं. त्यांनी नव्या सिस्टिममधून ती रेघ काढली आणि थापाड्याच्या जागी कोरा डिटेक्टर बसवून घेतला. दुपारी चाचणीसाठी मशीन पेटवली. भावोजी बॅटरी घेऊन आत निघाले, तर मी त्यांचा दंड धरला.

"पाच मिनिटं थांबा."

"आज काय एवढं प्रेम उतू चाललंय?"

चौथ्या मिनिटाला पडद्यावर लाल पट्टी आली आणि मशीन आपोआप बंद पडली.

साहेब धावत आले. "हाही थापाड्याच निघाला! बंद करा त्याला. जुन्यात निदान वायर लावावी लागायची, यात तर एका टिचकीचं काम."

नवी पेटी आरशासारखी चकचकीत होती, आणि तीच मेलेली पाल साहेब पहिल्याच दिवशी तिच्यात नेऊन ठेवायला निघाले होते. मला त्यांची शिसारी आली. स्वतःची त्याहून जास्त, कारण असल्याच आवाजापुढे मी एकदा मान डोलावली होती.

का-बाई उठल्या आणि त्यांनी खुर्ची साहेबांकडे सरकवली. "बसा. टिचकी तुम्हीच मारा. फक्त कुणी मारली, किती वाजता मारली, ते आत नोंदलं जातं. पुसता येत नाही."

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मला मीटिंग आहे," ते म्हणाले. "मी इथे नव्हतो असं समजा." आणि खरंच गेले. खोली नुकतीच पुसली होती, नाहीतर मी थुंकलो असतो.

मशीन निवली, पंख्यांनी तिची खोली मोकळी केली. गॅस बंद करून पाइपात नायट्रोजन, म्हणजे न जळणारी हवा, भरली, आणि भावोजी आणि मी साबणाचं पाणी घेऊन आत शिरलो. एकेक सांधा भिजवत गेलो. कुठेच बुडबुडा नाही.

"बघ," भावोजी म्हणाले. "माझ्या हाताखालून काही सुटत नाही."

"तळाचा राहिला. कापडात गुंडाळलेला."

"तिथे हात पोचत नाही."

"डिटेक्टर बरोबर त्याच्याच वर आहे."

गुंडाळलेलं जाड कापड आम्ही कापून काढलं. आतून ते काळंकुट्ट, चिकट, कुजलेल्या कातड्यासारखं हाताला लागलं, आणि ताईच्या बादलीतला वास भपकन तोंडावर आला. भावोजींनी साबणाचं पाणी ओतलं. सांध्याभोवती बुडबुडे फुगले. फुटले, पुन्हा फुगले. थांबेचनात.

भावोजींनी भांडं खाली ठेवलं. "हे कधीपासून?"

"अकरा वर्षं तरी. डिटेक्टर खरं सांगत होता. मी त्याचं तोंड बांधलं होतं."

त्यांनी फडक्यानं एकेक बोट पुसलं. "अकरा वर्षं मी इथे डोकं घालतोय," ते म्हणाले. "गाणं गुणगुणत."

मी ते कुजलेलं कापड गोळा केलं.

"तुझ्या ताईला तू सांगायचं. मी सांगणार नाही. आणि आजच."

शुक्रवारच्या पाहुण्यांना नका येऊ म्हणून निरोप गेला. मी जुन्या पेटीतून ती बोटभर निळी वायर सोडवली. तिलाही तीच तेलकट साय चिकटली होती. खिशात घातली आणि तसाच ताईच्या दारात गेलो. उन्हं अजून उतरली नव्हती. ती बादलीपाशी बसून घासत होती. तिनं मान वर केली, हवा हुंगली.

"तुझ्याही अंगाला? आत पाऊल टाकू नकोस. काढ आधी तो शर्ट."

मी वायर मुठीत घेतली आणि शर्ट काढून दिला. तिनं तो दोन बोटांत धरून भावोजींच्या कपड्यांवर टाकला. मी बनियनवर, अंगणात, तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि मूठ उघडली.

"हे काय आणलंस?" ताई म्हणाली.

"सांगतो," मी म्हणालो. "पण घासणं थांबव."