तोंडी परीक्षेतला फोन

परीक्षेच्या दिवशी सकाळपासूनच पोरीचं अंग कोमट लागत होतं. नवरा कामावर. माझा पाय निघेना, तशा सासूबाई म्हणाल्या, "जा गं, मी काय मेलेय? काही वाटलं तर फोन करते."

इंग्रजी संभाषणाच्या वर्गात आमचं एक तंत्र होतं. वाक्य आधी आपल्या भाषेत कुजबुजायचं, शेजाऱ्याने सावरायचं, मग मोठ्याने इंग्रजीत.

"वहिनी, जीव टांगणीला लागलाय, हे कसं म्हणू?"

"तू टांगूच नकोस. वरीड म्हण आणि सुट."

विचारणारा आजोबा. दोनदा नापास झालेला, म्हणून आजोबा. मी एकटीच लग्न झालेली, म्हणून वहिनी. मॅडमना ही कुजबूज ठाऊक होती. परीक्षेला त्यांनी नियमच घातला: रेकॉर्डिंग सुरू असताना आपल्या भाषेतला एक शब्द निघाला, तर जोडीतले दोघंही नापास.

माझ्या जोडीला आजोबा होता. त्याची ही शेवटची संधी.

"मुलगी आजारी आहे, फोन चालू ठेवू?"

"ठेवा. पण बोलाल ते इंग्रजीत," मॅडम म्हणाल्या.

आमचं अर्धं झालं आणि घरून फोन आला. आजोबाचा चेहरा पांढराफटक. उठून बाहेर जावं हे मला सुचलंच नाही.

"येस, टेल मी."

"हॅलो? आमच्या सूनबाई आहेत का हो तिथे? पोर फार तापलीय. औषधाच्या दोन बाटल्या आहेत, कुठली देऊ?"

"द स्मॉल वन."

"अं?"

"स्मॉल. स्मॉल वन."

"कुणी भलत्याच बाईने उचललाय," त्या पुटपुटल्या. फोन बंद.

मॅडम आमच्यावर खूश झाल्या. मी बाहेर येऊन फोन लावत राहिले. शेवटी शेजारणीने उचलला. पोरीला आकडी आली होती. सासूबाई तिला घेऊन दवाखान्यात पळाल्या होत्या.

मी तिथे पोचले तेव्हा पोर झोपली होती, हाताला सलाईनची सुई टोचलेली. सासूबाई तिचे तळपाय चोळत होत्या.

"तुला फोन केला होता गं. आवाज अगदी तुझ्यासारखा वाटला. पण तू माझ्याशी असं कशाला बोलशील?"

"मीच होते, आई."

त्यांचे हात थांबले. मग पुन्हा चोळू लागले.

डॉक्टर आले, अर्धंअधिक इंग्रजीत भराभर सांगून गेले. मी समजावून सांगायला वळले, तर त्या माझ्या पलीकडे उभ्या असलेल्या नर्सला विचारत होत्या, "सिस्टर, काय म्हणाले ते जरा सांगता का मला?"