सातवी पायरी

ख्रिस्ती मठात वर्षभर उमेदवारी केल्यावर ऑब्रीने ठरवलं की घरी जायचं. उद्या व्रताची शपथ होती. एकदा ती घेतली की बाहेरची वाट बंद. मठाची दफनभूमीसुद्धा कुंपणाच्या आतच होती.

नियम मात्र त्याच्या बाजूने होता. नियमावली उमेदवाराला पुन्हा पुन्हा वाचून दाखवत आणि शेवटी म्हणत, "पाळवत असेल तर आत ये, नसेल तर खुशाल जा." घरचे कपडेही त्यासाठी जपून ठेवत. फक्त, खुशाल गेलेला कुणी कुणाच्या पाहण्यात नव्हता.

ध्यानात स्तोत्राची ओळ गाईसारखी रवंथ करायची असते. ऑब्रीने ओळ तोंडात घेतली की वडिलांची पाणचक्की फिरू लागे आणि ओळीचं पीठ होई.

"बोल," उमेदवारांचे गुरू गोंत्रानबाबा म्हणाले.

"बाबा, मला हे जमत नाही."

"कुणाला जमतं?"

"बाकीच्यांना जमतं. इथे सगळ्यांत नालायक मीच. वरवर नाही, मनापासून सांगतोय."

बाबांचे डोळे भरून आले. "नियमावलीतल्या नम्रतेच्या बारा पायऱ्यांतली ही सातवी. मी अजून चौथीवर धापा टाकतोय रे."

"पण मला घरी जायचंय."

"सैतान येतो तो अशाच वेळी. चढणाऱ्याचेच पाय तो ओढतो. बसलेल्याचं काय ओढायचं?"

जेवताना बोलायला बंदी होती. हवं ते खुणेने मागत. त्या दिवशी म्हातारे साधू मासे मागायचं सोडून एकमेकांना सात बोटं दाखवत होते.

नम्रता अंगाशी आली, तेव्हा आता हाकलून तरी देतील म्हणून ऑब्रीने रात्रीत उद्धटपणाची तयारी केली. सकाळी सभेत मठाधिपतींनी शेवटचं विचारलं, "पाळवेल?"

"न पाळवायला काय झालं? तुम्हा सगळ्यांपेक्षा बरं पाळीन. इथे एकालाही धड जमत नाही."

कुणीतरी खोकलं. मठाधिपतींनी थोडा विचार केला.

"उत्तर 'हो' असं आलं," ते म्हणाले. "उद्धटपणाबद्दल लेंटभर, उपवासाचे चाळीसही दिवस, जमिनीवर बसून जेवायचं. पण ही शिक्षा मठाच्या माणसाला असते, परक्याला नाही. तेव्हा आधी शपथ, मग शिक्षा."

सगळे चॅपेलकडे निघाले. 'आणखी काही सांगायचंय का?' एवढं कुणी विचारलं असतं, तर ऑब्रीने सांगितलंही असतं. पण विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, एवढं एक मात्र वर्षभरात त्याला चांगलं जमलं होतं.