नाशोनची मुलं

ओगुटू सरांनी अंत्यविधीच्या पुस्तिकांची चळत टेबलावर ठेवली. केनियात, सियायाकडच्या कुठल्याही घरात अशा पाच-सहा निघतातच. मुखपृष्ठावर गेलेल्या माणसाचा फोटो, आत गाणी, प्रार्थना आणि माती देण्याआधी सगळ्यांसमोर वाचलेलं जीवनचरित्र.

"काय लिहिलंय ते सांगू नका," सर म्हणाले. "काय लिहिलेलं नाही ते शोधा."

नववीच्या पोरांना आणखी काय हवं? ओकुमू आजोबांची पुस्तिका घेऊन उभा राहिला.

"'शांत, देवभीरू स्वभाव' असं छापलंय, सर. आजी म्हणते, बाजाराच्या दिवशी त्यांना हातगाडीवर घालून घरी आणायला लागायचं."

वर्ग हसून लोटपोट झाला. सरही हसले, पण जरा ओशाळून. यातल्या निम्म्या पुस्तिका त्यांनीच लिहिलेल्या होत्या. गावात कोणी गेलं की घरचे कोंबडी घेऊन त्यांच्याकडे यायचे, कारण सरांची भाषा गोड. हा धडा घेताना मात्र हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग अकेयो उठली.

"माझी पुस्तिका नाशोन ओडुंगांची आहे."

नाशोन तिचा बाप, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. त्यानं अकेयोच्या आईच्या माहेरी लग्नाच्या रीतीप्रमाणे गुरं पाठवली नव्हती, तिला घरी नेलं नव्हतं. पण दर रविवारी मासे घेऊन लेकीला भेटायला यायचा. गेल्या वर्षी तो गेला.

"'मागे पत्नी आणि चार मुलं,'" तिनं वाचलं. "यात मी नाही. सर, तुम्ही म्हणता, लिहिणारा कोण ते आधी विचारा. इथे नाव नाहीये."

अशा पुस्तिकेवर लिहिणाऱ्याचं नाव कधीच नसतं. सरांना सहज टाळता आलं असतं.

"मी लिहिलं," ते म्हणाले. "तुझ्या थोरल्या काकांनी नावं दिली. एक कमी आहे हे मला कळत होतं. तू माझ्याच वर्गात बसायचीस." त्यांना मान वर करवेना. "लाज वाटते मला, पोरी."

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. शनिवारी नाशोनच्या पहिल्या स्मृतिदिनाची प्रार्थना होती, थडग्यावर क्रूस बसणार होता. काकांनी मजकूर पुन्हा त्यांच्याकडूनच लिहून घेतला होता. चार मुलं, जशीच्या तशी.

"घाल तुझं नाव," सरांनी तिच्यापुढे पेन धरलं.

अकेयोनं आधी अख्खा कागद वाचला, सावकाश, सरांनी शिकवलं होतं तसा. मग पेन परत केलं.

"मी घातलं तर म्हणतील, पोरीनं घुसडलं. तुम्ही लिहा."

सर तिच्या बाकावर वाकले. 'चार' खोडून 'पाच' केलं, शेवटी तिचं नाव लिहिलं. जरा थांबून कागदाच्या तळाशी स्वतःचंही लिहिलं.

"सर, काका खवळतील," ओकुमू हळूच म्हणाला.

"खवळू देत. छापलं नाही तरी शनिवारी वाचणार मीच आहे."

अकेयोनं कागद घडी घालून त्यांच्या हातात दिला.

"मोठ्यानं वाचा, सर," ती म्हणाली. "आईला नि मला पार मागे बसवतात."